संसार टिकला, की मोजलाच नाही?

परवा माकणीत लग्नाच्या पंगतीत विषय निघाला. एक जण म्हणाले, "शहरात बघा किती घटस्फोट! आपल्याकडं संसार टिकतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही तेव्हा उत्तर सुचलं नाही. घरी येऊन जनगणनेचा इतिहास काढून बसलो.

आपला भाग निजामाच्या राज्यात होता. तिथली पहिली जनगणना 1881 ची. लग्नाच्या बाबतीत माणसांचे खाने तीनच: अविवाहित, विवाहित आणि विधवा-विधुर. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला खानाच नव्हता. नवरा जिवंत ना? मग ती विवाहित!

आणि पूर्वी लग्नं मोडतच नव्हती, असंही नाही. अनेक जातींत काडीमोड होती, पाट लावायची रीत होती. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानंही रूढीनं चालत आलेली काडीमोड मान्य ठेवली. पण पंचांसमोर झालेली काडीमोड कोर्टाच्या आकड्यात येणार कशी?

1961 च्या जनगणनेत विभक्त आणि घटस्फोटित एकाच खान्यात होते. 1988 साली संगमनेरला परित्यक्ता परिषद भरली, टाकलेल्या बायका स्वतः बोलायला उभ्या राहिल्या. तरी दोघांची वेगळी मोजणी व्हायला 2011 उजाडलं. तेव्हा देशात घटस्फोटित निघाले साडेतेरा लाखांच्या आसपास आणि विभक्त सुमारे 35 लाख. म्हणजे एका घटस्फोटितामागं अडीच माणसं कागदाविना वेगळी राहणारी. त्यातही दोन तृतीयांश बायका. कारण उघड आहे. गडी दुसरं लग्न करून पुन्हा 'विवाहित' होतो, बाई माहेरच्या ओसरीवर राहते.

म्हणून घटस्फोट कमी म्हणजे संसार सुखाचे, हा हिशोब मला पटत नाही. बाईच्या नावावर ना शेत, ना घर. माहेरी भावाची चूल. कोर्टाच्या तारखांना पैसा कुठला? अशा ठिकाणी आकडा कमीच येणार. तो सुखाचा नाही, नाइलाजाचा आकडा आहे.

आता 2027 ची जनगणना येतेय. दिलेली माहिती गुप्त ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. प्रगणक दारात आला आणि लेक माहेरी परत आलेली असेल, तर लोक काय म्हणतील म्हणून 'विवाहित' सांगून मोकळं होऊ नका. तिलाच पुढं बोलवा, ती सांगेल ते लिहू द्या.

ती मोजली गेली, तरच तिच्यासाठी काही मागता येईल.