परक्या मुलखातील वाहनचालक आणि वाहतूक दंड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
(विशेष संदर्भ : अहमदनगर जिल्हा)

प्रस्तावना :

वाहतुकीचा नियम मोडणारा चालक परका असेल, तर त्याच्याकडून दंड कसा वसूल करावयाचा, हा प्रश्न मोटारीच्या प्रसाराबरोबरच उद्भवला. आज तो प्रामुख्याने परदेशी सहलीस गेलेल्या किंवा आखाती देशांत नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या संदर्भात चर्चिला जातो. तथापि, अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील चालकाला १९४८ पर्यंत परमुलूख गाठण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नव्हता. नेवासे तालुक्यातील टोका येथे गोदावरी ओलांडली की निजामाचे राज्य सुरू होई. या सीमेच्या आधारे प्रस्तुत लेखात परक्या चालकाच्या दंडाचा विचार केला आहे.

गोदावरीची सीमा :

१९१४ च्या मोटार वाहन कायद्याखाली दिलेला चालकपरवाना ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वत्र चालत असे. हैदराबाद संस्थान मात्र ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हते. तेथील कायदे, न्यायालये व पोलीस स्वतंत्र होते. मालावर जकात घेणारे करोडगिरीचे नाके होते. चलनही वेगळे. शंभर कलदार रुपयांना सुमारे ११६ हाली रुपये पडत, म्हणजे दंडाचा आकडा सारखा असला तरी नदीच्या दोन काठांवर त्याचे मोल सारखे नव्हते. पुढे १९३९ च्या कायद्यात, शेजारच्या राज्यांनी दिलेले परवाने परस्परतेच्या तत्त्वावर ग्राह्य धरण्याची वाट मोकळी झाली.

परवान्याचा प्रश्न अशा रीतीने सुटू शकत होता. दंडाचा तसा सुटत नव्हता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार न भरलेला दंड जप्तीच्या वॉरंटाने वसूल करता येई, पण ते वॉरंट संस्थानी हद्दीत चालत नसे. १९०३ चा प्रत्यर्पण कायदा गंभीर गुन्ह्यांसाठी होता. भरधाव मोटार हाकणाऱ्याला त्याखाली कोण मागणार? दिवा न लावल्याचा किंवा अतिवेगाचा किरकोळ गुन्हा या दोन्ही कायद्यांच्या मधल्या फटीत पडत असे. चालक व त्याची गाडी आपल्या हद्दीत आहे तेवढाच काळ शासनाची पकड होती. त्यामुळे कायद्याचा सारा भर चालकाला जागीच धरण्यावर राहिला. आजच्या १९८८ च्या कायद्यातील कलम २०६ मध्येही हीच भीती शब्दबद्ध झाली आहे. चालक फरारी होईल किंवा समन्स टाळील असे मानण्यास वाजवी कारण असल्यास पोलीस अधिकारी त्याचा परवाना ताब्यात घेऊन न्यायालयाकडे पाठवू शकतो.

राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हा टोक्याची सीमा अद्याप अस्तित्वात होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादने शरणागती पत्करली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. औरंगाबादचा चालक नगरकराला परका उरला नाही, तो कायद्याच्या सुधारणेमुळे नव्हे, तर सीमाच पुसली गेल्यामुळे.

आंतरराष्ट्रीय करारांची मर्यादा :

जागतिक पातळीवरही असेच घडले, फक्त तेथे सीमा पुसली गेली नाही. १९०९ च्या पॅरिस कराराने आंतरराष्ट्रीय परवान्याची कल्पना रूढ केली. १९४९ च्या जिनेव्हा कराराने तिला आजचे रूप दिले. भारत १९६२ मध्ये त्यात सहभागी झाला. या कराराचे कलम २४ अभ्यासण्याजोगे आहे. परक्या चालकाने परवाना गमावण्याइतका गुन्हा केल्यास यजमान देश त्याचा परवान्याचा वापर थांबवू शकतो, पुस्तिकेवर तशी नोंद करू शकतो आणि ती देणाऱ्या देशाला कळवू शकतो. मात्र चालक देश सोडून जाऊ लागला की पुस्तिका परत करावी लागते. पैशाच्या दंडाची वसुली कशी व्हावी, याविषयी हे कलम मौन पाळते.

ही पोकळी प्रत्येक देशाने आपापल्या परीने भरली. युरोपीय संघाने २००५ मध्ये ७० युरो व त्यावरील दंड परस्परांत वसूल करण्याचा निर्णय घेतला. भारत अर्थातच त्या व्यवस्थेबाहेर आहे. संयुक्त अरब अमिरातीत थकीत दंड भरल्याखेरीज गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. इटलीत परदेशी क्रमांकाच्या गाडीच्या चालकाला दंड जागीच भरावा लागतो किंवा अनामत ठेवावी लागते. भाड्याच्या गाडीची तऱ्हा निराळी. फ्लॉरेन्ससारख्या शहरात प्रवेशबंदीच्या क्षेत्रात नकळत गाडी शिरली, तर कॅमेरा क्रमांक टिपतो, भाडेकंपनी चालकाचे नाव कळवते आणि या कळवण्याचे शुल्क त्याच्या कार्डावरून वळते करून घेते. पुष्कळांना हाच दंड वाटतो. खरी नोटीस पुढे येते. परदेशस्थ व्यक्तीला ती पाठवण्यास ३६० दिवसांची मुदत आहे. पाच दिवसांत भरल्यास सामान्यतः ३० टक्के सूट मिळते, आणि ६० दिवसांत प्रिफेक्टकडे किंवा तळच्या न्यायाधीशाकडे दाद मागता येते.

प्रस्तुत लेखकाच्या मते खरा अन्याय येथे आहे. दाद मागण्याचा हक्क कागदावर पूर्ण आहे. परंतु अपरिचित भाषेत, हजारो किलोमीटरवरून तो बजावण्याचा खर्च मूळ दंडाहून अधिक होतो. अनामत भरून मोकळ्या झालेल्या चालकाची तर सुनावणीपूर्वीच शिक्षा भोगून होते. टोक्याला अडवल्या जाणाऱ्या मोटारवाल्याची स्थितीही याहून फारशी वेगळी असणे संभवत नव्हते.

उलट बाजूने पाहता, शिर्डीस वा मेहेराबादेस येणारा परदेशी भाविक बहुधा चालकासह गाडी भाड्याने घेतो. ई-चलान गाडीच्या क्रमांकावर निघते, सबब ते त्या भाविकापर्यंत पोहोचत नाही. श्रीरामपूर किंवा अहिल्यानगरच्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन निघालेल्या आपल्या चालकाच्या हाती मात्र वर्षभराच्या मुदतीची तीच पुस्तिका असते, जिच्यात परवाना स्थगित केल्याच्या नोंदीसाठी जागा आहे, दंडाविरुद्धच्या त्याच्या म्हणण्यासाठी नाही.