०.४०१ मोठे की ०.३०१? बेसबॉलमधील सरासरीचा इतिहास

१/
१९३० साली न्यू यॉर्क जायंट्सच्या बिल टेरीने ०.४०१ च्या सरासरीने फलंदाजी केली. १९६८ साली बोस्टन रेड सॉक्सच्या कार्ल यास्त्रेम्स्कीची सरासरी होती ०.३०१. दोघेही आपापल्या लीगमध्ये त्या वर्षीचे अव्वल फलंदाज. आकडे पाहता टेरी कितीतरी वरचढ भासतो. प्रत्यक्षात दोघांत फारसे अंतर नव्हते. ते कसे, याचा हा इतिहास.

२/
बेसबॉलच्या आकडेवारीला क्रिकेटचा वारसा आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेला हेन्री चॅडविक अमेरिकेत क्रिकेटचा वार्ताहर होता. एकोणिसाव्या शतकात त्यानेच बेसबॉलला सामन्याचा तपशीलवार तक्ता आणि सरासरी यांची सवय लावली. बेसबॉलची सरासरी मात्र धावांची नव्हे: हिशेबात धरलेल्या दर संधीमागे किती हिट मिळाले, एवढेच ती सांगते.

३/
हा आकडा कोणत्या वर्षीचा, याला फार महत्त्व आहे. १९३० साली फलंदाजांचे राज्य होते. नॅशनल लीगमधील सर्व फलंदाजांची, अगदी पिचर धरूनही, एकत्रित सरासरी ०.३०३ होती. त्या वर्षी ०.३०० गाठणारा फलंदाज केवळ सामान्य ठरत असे.

४/
१९६८ साली चित्र नेमके उलटे झाले. पिचर १५ इंच उंचवट्यावरून चेंडू टाकत होते आणि १९६३ पासून स्ट्राइक झोनही वाढवलेला होता. अमेरिकन लीगची सरासरी ०.२३० वर घसरली. तेथे ०.३०० ओलांडणारा एकटा यास्त्रेम्स्कीच होता. १९६९ मध्ये उंचवटा १० इंचांवर आणला गेला आणि स्ट्राइक झोनही आखडता घेण्यात आला.

५/
आता हिशेब मांडू. टेरीला ६३३ संधींत २५४ हिट मिळाले. त्याच संधी लीगच्या सामान्य फलंदाजाला मिळाल्या असत्या, तर सुमारे १९२ हिट झाले असते. यास्त्रेम्स्कीचे ५३९ संधींत १६२ हिट. सामान्य फलंदाजाचे सुमारे १२४. म्हणजे टेरी सरासरीच्या ३२ टक्के वर, तर यास्त्रेम्स्की ३१ टक्के!

६/
संपूर्ण कारकीर्द मोजण्याची रीतही हीच. प्रत्येक हंगामातील संधींना त्या वर्षीच्या लीग सरासरीने गुणायचे, सर्व हंगामांची बेरीज करायची आणि खेळाडूच्या एकूण हिटशी ती ताडून पाहायची. ज्या हंगामात खेळाडू जास्त खेळला, त्याचे वजन आपोआपच जास्त पडते.

७/
पुढे हे माप अधिक सर्वांगीण झाले. 'ओपीएस प्लस' या मापात बेसवर पोहोचण्याची क्षमता, फटक्यांची ताकद आणि मैदानाचा परिणामही धरला जातो. त्यात १०० म्हणजे लीगचा सामान्य फलंदाज. बेब रूथच्या कारकिर्दीचा आकडा आहे २०६.

८/
तरीही सरासरीशी तुलना पुरेशी नाही. अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये १९४१ च्या टेड विल्यम्सनंतर (०.४०६) कोणीही ०.४०० गाठलेले नाही. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांच्या मते याचे कारण फलंदाजांचा ऱ्हास नव्हे. उलट खेळाचा एकूण दर्जा उंचावला, दुबळे खेळाडू गळाले आणि सर्वोत्तम व सामान्य यांच्यातील दरी अरुंद झाली.

९/
संख्याशास्त्रज्ञ मायकेल शेल यांनी १९९९ च्या ग्रंथात काळ, मैदान, गुणवत्तेचा विस्तार आणि उतारवयातील घसरण यांचा विचार करून फलंदाजांची क्रमवारी लावली. पहिला आला टोनी ग्विन. त्याची कारकिर्दीतील सरासरी ०.३३८, मागे पडलेल्या टाय कॉबची ०.३६६.

१०/
कॉबच्या काळी, १९०५ ते १९२८ मध्ये, कृष्णवर्णीयांना या लीगची दारे बंद होती. ती १९४७ साली जॅकी रॉबिन्सनमुळे उघडली. म्हणजे ज्या सरासरीवर कॉबला मोजले जाते, तिच्यात जॉश गिब्सनसारख्यांच्या पिढ्यांना स्थानच नव्हते.

११/
२०२४ साली निग्रो लीगची आकडेवारी अधिकृत नोंदींत सामील झाली आणि कारकिर्दीतील सरासरीत ०.३७२ सह गिब्सन कॉबच्या पुढे गेला. त्याच्या मृत्यूला तेव्हा ७७ वर्षे उलटली होती.

१२/
लीगची सरासरी ही केवळ गणिती रेषा नाही. मैदानावर कोणाला उतरू दिले आणि कोणाला कुंपणाबाहेर ठेवले, याचीही ती नोंद आहे. म्हणून एखाद्या फलंदाजाची थोरवी मोजताना आधी दोन प्रश्न विचारावे लागतात: वर्ष कोणते, आणि त्या वर्षी समोर कोण होते?

(समाप्त)