पॉवर स्टिअरिंगचा पाइप गळतोय? कमी खर्चात दुरुस्ती कशी करावी, काय टाळावे, जाणून घ्या

गावाकडे आजही जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओ, क्वालिस, तवेरा मोठ्या संख्येने पळतात. दहा-पंधरा वर्षे झाली की या गाड्यांत एक दुखणे हमखास निघते. सकाळी गाडी काढली की खाली लालसर तेलाचा डाग दिसतो आणि वळवताना बोनेटमधून ‘घूंऽऽ’ आवाज येतो. हे बहुतेक वेळा पॉवर स्टिअरिंगच्या पाइपचे लिकेज असते. शोरूमला अख्खा पाइप बदलायचा म्हटले की खर्च हजारांत जातो. पण गळती नेमकी कुठे आहे ते कळले, तर बऱ्याचदा काम काही शेकड्यांत भागते.

(लहान गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंग असते. त्यात तेलही नसते आणि पाइपही नसतो. ही माहिती तेलावर चालणाऱ्या स्टिअरिंगची आहे.)

आधी तीन पाइप ओळखा

1. डबीतून पंपाकडे जाणारा जाड रबरी पाइप. यात दाब नसतो, पंप तेल ओढून घेतो. याची क्लिप ढिली झाली की तेल बाहेर पडण्याआधी हवा आत शिरते. डबीत फेस दिसतो आणि पंप ओरडतो.

2. पंपातून स्टिअरिंग बॉक्सकडे जाणारा प्रेशर पाइप. याच्या दोन्ही टोकांना लोखंडी नळी व दाबून बसवलेली टोपी असते. टायरमध्ये आपण 30-35 पौंड हवा भरतो, या पाइपमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर 1000 पौंडांच्या वर दाब जातो.

3. बॉक्समधून डबीकडे परत येणारा रिटर्न पाइप. यात दाब कमी असतो. सर्वात स्वस्त दुरुस्ती याचीच.

गळती शोधायची कशी?

तेल वरून ओघळत खाली येते, त्यामुळे जिथे थेंब पडतो तिथेच गळती असेल असे नाही. सगळी जागा डिझेल व ब्रशने धुऊन कोरडी पुसावी. संशय असेल तिथे टाल्कम पावडर भुरभुरावी. मग इंजिन चालू करून एकाने स्टिअरिंग डावी-उजवी फिरवावे आणि दुसऱ्याने बॅटरी घेऊन बघावे. पावडर जिथे आधी ओली होईल तिथे गळती.

चालू इंजिनवर प्रेशर पाइपवरून बोट फिरवून गळती शोधू नये. बारीक छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडी फोडून आत जाऊ शकते. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, पण आत तेल पसरून हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाले तर लगेच मोठ्या दवाखान्यात जावे. छिद्र बघायला पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

रिटर्न पाइप : घरच्या घरी होणारे काम

रबराचे टोक कडक होऊन चिरले असेल आणि पाइपला सैल लांबी असेल, तर इंचभर कापून नव्या क्लिपने पुन्हा बसवावे. लांबी पुरत नसेल तर जुना तुकडा दुकानात नेऊन त्याच मापाचा ऑइल होज घ्यावा. पाण्याचा किंवा फवारणी पंपाचा पाइप चालत नाही. गरम तेलाने तो फुगतो आणि ऐन रस्त्यात निसटतो.

प्रेशर पाइप : जुगाड नको, क्रिम्पिंग करा

एम-सील, ट्यूबची पट्टी, मधे कापून नळी घालून दोन क्लिपा, यातले काहीही या दाबाला टिकत नाही. शिवाय पाइप फुटून तेल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर उडाले तर गाडी पेट घेऊ शकते.

यावर स्वस्त उपाय तालुक्याच्या गावात मिळतो. जेसीबी आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक होज बनवणाऱ्या दुकानात जुनी टोके ठेवून मधला रबरी होज नवा घालून मिळतो. तिथे जाताना एवढे ध्यानात ठेवावे :

– पाइप काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढावेत. दोन्ही टोकांच्या वाकाची दिशा रंगाने खूण करून ठेवावी. वाक उलटा बसला तर पाइप पिळवटतो.
– लांबी जुन्याइतकीच ठेवावी.
– होज तारेच्या जाळीचाच घ्यावा. तीन सूत मापाचा चांगला सिंगल वायर होजही या दाबाला पुरतो. डबल वायर जास्त ताठ असल्याने वळणावर त्रास देतो.
– तयार पाइप दाब देऊन तपासून घ्यावा. नंतर डिझेलने धुऊन हवा मारावी, रबराचा भुगा पंपात जाता कामा नये.
– साधा हायड्रॉलिक होज कंपनीच्या पाइपपेक्षा उष्णता कमी सोसतो. तो सायलेन्सरपासून लांब बांधावा. थोडा आवाज वाढला तर घाबरू नये.

कधी कधी पाइप चांगला असतो, गळती बोल्टाच्या वायसरमधून किंवा ओ-रिंगमधून असते. तिथे नवे वायसर टाकावे. तांब्याचे असेल तर गॅसवर लाल करून थंड केले की मऊ होऊन पुन्हा बसते.

तेल भरणे आणि हवा काढणे

डबीच्या झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलेलेच तेल घालावे. बऱ्याच गाड्यांना लाल एटीएफ लागते. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नये, सगळे सील फुगून खराब होतात.

पुढची चाके जॅकवर उचलून खाली स्टँड लावावेत. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवावे आणि तेल उतरेल तसे भरत राहावे. फेस थांबला की इंजिन चालू करून पुन्हा फिरवावे. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत रोज तेल व जोड तपासावेत.

‘तेल टाकत चालवू’ हे महाग पडते

तेल संपले तरी गाडी वळते, पण स्टिअरिंग एकदम जड होते. घाटाच्या वळणावर किंवा माणसे भरलेली असताना हे झाले तर आवरणे अवघड. त्यात कोरडा फिरलेला पंप बसला की काही शेकड्यांचे काम हजारांवर जाते. लग्नसराई किंवा लांबचा प्रवास यायच्या आधीच एकदा बोनेट उघडून डबीची खूण बघावी. काढलेले जुने तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ न ओतता गॅरेजवर जमा करावे.