‘बाईंचे बायबल’

बाईंचे बायबल : पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले मराठी भाषांतर. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ठरवलेल्या या विदुषीलाच प्रचलित मराठी बायबल फार संस्कृतप्रचुर वाटे. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बायकांना ते उमगावे कसे?

म्हणून रमाबाई हिब्रू व ग्रीक या दोन्ही भाषा शिकल्या, तेही उतारवयात.

खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतच्या कामांत मिशनमधल्याच स्त्रिया होत्या. ज्यांनी वाचावे, त्यांनीच छापावे! (मुळाला घट्ट धरून राहिल्याने वाक्ये मात्र कुठेकुठे अडखळतात.) १९२१मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली, तरी बाईंनी हे काम सोडले नाही. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९२४मध्ये निघाला.