मोर राखले कुणी आणि ठरवतं कोण? नायगावच्या निमित्तानं थोडा इतिहास

पोस्ट मोठी आहे. पण आपल्याच जिल्ह्याची आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडं पहाटे निघालात आणि गाडीची काच खाली असली, तर मोराचा आवाज ऐकायला येतो. बालाघाटच्या या डोंगरात १९९४ साली शासनानं नायगाव मयूर अभयारण्य घोषित केलं. क्षेत्र जेमतेम ३० चौरस किलोमीटर. पाहुणे आले की आपण अभिमानानं सांगतो, आमच्याकडं मोरांचं अभयारण्य आहे. मीही सांगतो.

पण हे मोर १९९४ साली कुणी ट्रकमधून आणून सोडलेले नाहीत. ते आधीपासूनच होते. होते, कारण माणसांनी राहू दिले. मोर दिसायला देखणा असला तरी शेतकऱ्याला तो पाहुणा म्हणून परवडत नाही. पेरलेला भुईमूग उकरतो, हरभऱ्याचे कोंब खुडतो. माझी आजी ज्वारीच्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. दगड पाखराला लागू नये, नुसता आवाज व्हावा, अशा बेतानं. हेही संरक्षणच होतं, फक्त त्याचा जीआर निघाला नव्हता.

आता कायद्याचा इतिहास बघा. मोर राष्ट्रीय पक्षी झाला १९६३ साली. वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली. तेच साल, जेव्हा आपल्याकडची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्या कायद्यात गावाला जागा होती, नाही असं नाही. पण ती कसली? हक्क मागणाऱ्याची. शासन अभयारण्य जाहीर करणार, गावोगावी स्थानिक भाषेत जाहीरनामा लागणार, दोन महिन्यांत लेखी दावा करायचा आणि जिल्हाधिकारी चौकशी करून निकाल देणार. अभयारण्य करावं का, कुठवर करावं, चराई कशी ठेवावी, हे गावाला विचारायचं कलम त्यात नव्हतं.

याचा परिणाम बघायला लांब जायला नको. शेजारच्या सोलापूर आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यांत १९७९ साली माळढोक अभयारण्य घोषित झालं. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर! म्हणजे नायगावच्या जवळजवळ २८० पट. त्यात गावं आली, शेतं आली, बाजारपेठा आल्या. जमिनीचे व्यवहार आणि विकासकामं वर्षानुवर्षं परवानग्यांत अडकली. लोक माळढोकावरच चिडले. त्या बिचाऱ्या पक्ष्यानं काय केलं होतं? शेवटी क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर माळरानं उसाखाली गेली होती आणि उरलेल्या माळावर 'पडीक' म्हणून झाडं लावली गेली होती. माळढोकाला तर उघडं गवत लागतं. हे माळावरच्या मेंढपाळाला विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं. आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

कागदावरचं चित्र पुढं बदललं. १९९० साली केंद्रानं संयुक्त वन व्यवस्थापनाचं धोरण आणलं, १९९२ साली महाराष्ट्रानं त्याचा निर्णय काढला आणि गावात वन समित्या आल्या. २००२ साली वन्यजीव कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ती आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून नीट सांगतो.

एक, कलम ३३ ब. अभयारण्यासाठी सल्लागार समिती. तिच्यात त्या भागाचे आमदार, पंचायत राज संस्थांचे ३ प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे २, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या ३ व्यक्ती आणि संबंधित अधिकारी. नायगावलाही हेच कलम लागू आहे.

दोन, 'समुदाय राखीव' हा नवा प्रकार. गावानं स्वतःहून सामूहिक किंवा खासगी जमीन वन्यजीवांसाठी राखायची. तिच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीनं नेमलेले किमान ५ सदस्य आणि वनखात्याचा फक्त १. म्हणजे पारडं गावाकडं झुकलेलं. पंजाबात गुरदासपूरजवळच्या केशोपूर पाणथळीला २००७ साली असा दर्जा मिळाला.

तीन, २००६ चा वनहक्क कायदा. सामूहिक वनहक्क मिळालेलं जंगल राखायचा अधिकार थेट ग्रामसभेला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ साली असा हक्क मिळवला, सुमारे १,८०० हेक्टरवर. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते गाव एकत्र बसून, सगळ्यांच्या सहमतीनं निर्णय घेत होतं. कायदा नंतर आला, सभा आधी होती.

आता मूळ दुखण्यावर येतो. आपल्याकडं सभा होते का?

वर्षातल्या ठरलेल्या ग्रामसभा चार. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. आता पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी या तालुक्यांचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या आगंमागं कोयता निघतो. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परत येतो मार्च-एप्रिलात. जंगलाची महत्त्वाची कामं नेमकी याच मधल्या महिन्यांत ठरतात. जाळरेषा कुठं काढायच्या, उन्हाळ्यात पाणवठे कुठं भरायचे, गवत कधी कापायचं, चराई कुठं बंद ठेवायची. आणि त्या जंगलावर सगळ्यात जास्त अवलंबून असणारी माणसं, म्हणजे कोरडवाहूवाले, भूमिहीन, शेळ्या राखणाऱ्या बाया, त्या वेळी फडात असतात.

एका वर्षी २६ जानेवारीच्या सभेला मी आमच्या गावात बसलो होतो. सतरंजीवर माणसं मोजली, अकरा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती नव्हती. सभा तहकूब झाली आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. प्रोसिडिंगचं रजिस्टर नंतर घरोघर फिरलं. त्यात एक ठराव गायरानात चराईबंदीचा होता. सही मीही केली. एप्रिलात शेजारची म्हातारी कोयत्यावरून परत आली आणि तिनं मला विचारलं, "बाबा, शेळ्या कुठं न्यायच्या आता?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. नियमानं सगळं बरोबर होतं. सहभाग मात्र शून्य होता.

म्हणून एखाद्या संरक्षित क्षेत्राचा कारभार कसा चाललाय हे बघायचं, तर नुसते मोर मोजून भागत नाही. समितीची बैठक वर्षात किती वेळा होते? त्यात बाया किती बोलतात, नुसत्या बसतात किती? इतिवृत्त गावात वाचून दाखवतात का? नुकसानभरपाईचा अर्ज कुठं अडतो? पर्यटकांमुळं पैसा आला तर तो कुणाच्या घरात जातो? आणि ज्याची शेळी अडवली, त्याला पर्यायी चारा मिळाला का?

हे प्रश्न आधी विचारले नाहीत, तर संकटात विचारायला वेळ उरत नाही. २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हाची भीती आठवा. शेवटी डिसेंबरात त्याला करमाळा तालुक्यात गोळी घालावी लागली. अशा वेळी गाव आणि खातं यांच्यात आधीपासूनचा विश्वास नसेल, तर अफवा बिबट्यापेक्षा जोरात पळतात.

वनखात्याला शिव्या घालायला मी ही पोस्ट लिहिलेली नाही. भर उन्हात पाणवठे भरणारे वनरक्षक आणि वनमजूर मी पाहिलेत. माझं म्हणणं साधं आहे. जंगलाबद्दलची ग्रामसभा कोयता परत आल्यावर घ्या किंवा निघायच्या आधी घ्या. कायद्यात चार सभा किमान आहेत, पाचवी घ्यायला कुणाची बंदी नाही. आणि अभयारण्यालगतच्या गावांनी सल्लागार समितीत आपले प्रतिनिधी कोण, हे लेखी विचारावं.

१५ ऑगस्टला सगळं गाव हजर असतं. हा विषय त्या दिवशी मांडायला काय हरकत आहे? तुमच्या गावात काय चालतं, कमेंटमध्ये लिहा. आणि ही पोस्ट फडात असलेल्या आपल्या माणसांपर्यंत नक्की पोचवा.