दादर-माटुंगा वसाहत : भूमि, वाढ व कागद

मुंबई बेटाच्या उत्तर भागाचा विषय निघाला म्हणजे आपल्या संशोधकांची दृष्टि बिंबराजापासून निघून पोर्तुगीज व इंग्रज यांच्यापर्यंत येते व तेथेंच थांबते. पुढें त्या भूमीवर जें घडलें तें नगरपालिकेचें दप्तर, इतिहास नव्हे, असा समज आहे. तो बरोबर नाहीं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेगची साथ उद्भवली. दाट वस्ती हें रोगाचें घर, असें ठरून १८९८ सालीं कायद्यानें मुंबई इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या शहरांतील गर्दी मोडणें व उत्तरेस नवी जागा मोकळी करणें अशीं दोन कामें त्याजकडे आलीं. दादर-माटुंगा ही त्याची पांचवी योजना. क्षेत्र सुमारें ४४० एकर. शीव-माटुंगा ही तिला लागून असलेली सहावी.

पश्चिमेस १८५३ सालीं सुरू झालेला लोहमार्ग, पूर्वेस वडाळ्याकडील मिठागरें व खाडी, दक्षिणेस नायगांव आणि उत्तरेस शिवेची टेकडी, अशी या भूमीची मांडणी. भातशेतें, नारळीच्या वाड्या आणि पाणी सांचणारी सखल जमीन हें तिचें स्वरूप. भर घालणें, रस्ते व गटारें आंखणें, मग भूखंड पाडणें असा क्रम होता. जुन्या शहरांत आधीं घर व मग वाट, येथें उलट. पेशवाईंतील पेठ कौल देऊन वसत असे. कांहीं वर्षें कर माफ, शेटे-महाजन नेमलेले, घर कसें बांधावें हें बहुतांशीं बांधणाराकडे. येथें कौलाच्या जागीं भाडेपट्टा आला व त्यांत घराची उंची आणि सोडावयाची मोकळी जागा हींही लिहिलीं गेलीं. दोहोंची तुलना कोणीं तरी सविस्तर करावी.

वसाहत मात्र लवकर भरली नाहीं. भूसंपादन व भरणी यांत वर्षें गेलीं. गिरगांवांत राहून कोटांत नोकरी करणारास दादर दूर वाटे. पुढें १९१४ चें महायुद्ध आलें. युद्धानंतर शहरांत जागेची टंचाई झाली तेव्हां १९२० नंतर इमारती भराभर उठल्या. त्या बंगले नव्हत्या, चाळीही नव्हत्या. दोन-तीन मजल्यांच्या, स्वतंत्र ‘ब्लॉकां’च्या होत्या. शौचकूप घराच्या आंत, ही गोष्ट सोवळें पाळणाऱ्या कुटुंबांनीं पतकरली, हा आचारांतील पालट माझ्या मतें रस्त्यांच्या आंखणीहून मोठा आहे. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनीं अद्याप त्याची पुरेशी दखल घेतलेली नाहीं.

मंचेरजी जोशी या अभियंत्यानें पारशांसाठीं १०३ भूखंड राखून घेतले व पारशी कॉलनी उभी राहिली. शेजारीं हिंदु कॉलनी, माटुंग्यास दाक्षिणात्य मंडळी. हिंदु कॉलनींतच १९३० नंतर डॉ. आंबेडकरांनीं आपल्या ग्रंथसंग्रहाच्या सोयीनें ‘राजगृह’ बांधविलें. १९३३ सालीं ट्रस्ट नगरपालिकेंत विलीन झाला. १९३७ सालीं रुइया महाविद्यालय निघालें.

ही वसाहत ओसाड दलदलींतून निर्माण झाली असें सांगण्यांत येतें. वडाळ्याचें विठ्ठलमंदिर योजनेहून जुनें आहे. नायगांव, वडाळा, शीव हीं नांवें योजनेनें दिलेलीं नाहींत. ‘शीव’ म्हणजे सीमा, आणि तें स्थळ बेटाच्या उत्तर सीमेवरच आहे. ‘माटुंगा’ हें ‘मातंग’पासून आलें असें म्हणण्याचा मोह संस्कृतज्ञास होतो, व बिंबाच्या हत्तीशाळेची कथा त्याला जोडूनही दिली जाते, पण कथेच्या आधारें व्युत्पत्ति सिद्ध होत नाहीं. राजवाडे यांनीं ‘महिकावतीची बखर’ १९२४ सालीं छापली. त्याच दशकांत या शेतांवर घरें उठत होतीं. ती बखर हातीं घेऊन तेव्हां कोणी ही भूमि हिंडला असता तर पुष्कळ कांहीं टिपतां आलें असतें.

आतां तीं घरेंही पुनर्विकासासाठीं पाडलीं जात आहेत. माळ्यावरील पेटींत मूळ भाडेपट्टे, भूखंडाचे नकाशे, भाड्याच्या पावत्या, सोसायटीच्या सभांचीं इतिवृत्तें निघतात व रद्दींत जातात. मोडी कागदाचा तुकडाही जपणारे आपले संग्राहक इंग्रजी टंकलिखित कागद दिसला कीं तो बाजूस सारतात. भूसंपादनाच्या कागदांत शेताचा मालक, वहिवाट व क्वचित् शेताचें नांवही मिळण्याचा संभव आहे. खालच्या जुन्या गांवाचा धागा तेथें आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही ट्रस्टप्रमाणेंच १८९८ चें, व त्याचें ठाणें याच नायगांवांत. तेथें किंवा आपल्या मंडळाकडे हे कागद, निदान त्यांच्या प्रती, याव्यात. पाठवितांना योजनेचा व भूखंडाचा क्रमांक आधीं उतरून घ्यावा. इमारतीचें नांव मालकाबरोबर बदलतें, क्रमांक मात्र ट्रस्टच्या नकाशाशीं ताडून पाहतां येतो.