डेबियन प्रकल्पातील नव्या पॅकेजचा प्रवेश : विश्वासाच्या एका व्यवस्थेचा इतिहास (१९९३ ते २०२४)

प्रस्तावना :

एखाद्या संस्थेचा इतिहास लिहिताना तिची घटना, तिचे नेते आणि तिच्यातील वाद यांकडे अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते. तिच्या दारातून कोणाला व कशाला प्रवेश मिळत होता, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. संगणकक्षेत्रातील मुक्त स्रोत चळवळीचा इतिहासही याला अपवाद नाही. लिनक्सचा गाभा कोणी लिहिला, मुक्त परवान्याची कल्पना कोणाची, याविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु परस्परांना न ओळखणाऱ्या हजारो व्यक्तींनी लिहिलेल्या आज्ञावली एकाच कार्यप्रणालीत कशा सामावतात, नवी आज्ञावली आत घेण्याचा अधिकार कोणाचा आणि तिच्याविषयी जामीन कोण राहतो, याची चर्चा तुलनेने कमी आढळते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार डेबियन या कार्यप्रणालीच्या संदर्भात केला आहे. डेबियन कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही, ती स्वयंसेवकांनी चालविलेली आहे आणि तिचे नियम, वाद व मतदान यांच्या नोंदी कोणासही पाहता येतात. उबुंटूसारख्या अन्य प्रणाली तिच्याच पायावर उभ्या असल्याने तिच्या दारात झालेली चूक दूरवर पोहोचते, हेही तिच्या निवडीचे एक कारण होय.

आरंभकाळ :

१६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे विद्यार्थी इयान मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली. डेब्रा आणि इयान या दोन नावांच्या संयोगातून हे नाव तयार झाले. त्या काळी लिनक्सचा गाभा उपलब्ध होता, परंतु तो वापरण्यासाठी लागणाऱ्या इतर शेकडो आज्ञावली एकत्र बांधून देणाऱ्या संचांची अवस्था समाधानकारक नव्हती. एसएलएस नावाचा तत्कालीन लोकप्रिय संच दोषांनी भरलेला होता आणि ते दोष दुरुस्त होत नव्हते, ही मर्डॉक यांची तक्रार होती. यावर त्यांनी सुचविलेला उपाय तांत्रिक कमी आणि संघटनात्मक अधिक होता. संपूर्ण संच एका व्यक्तीने वा व्यापाऱ्याने न बांधता प्रत्येक आज्ञावलीची जबाबदारी एकेका स्वयंसेवकाने घ्यावी आणि हे काम सर्वांसमोर चालावे, असा तो उपाय होता.

यासाठी आज्ञावलीला ठरावीक आकाराच्या आवेष्टनात बसविणे आवश्यक होते. हे आवेष्टन म्हणजेच पॅकेज. मूळ लेखकाची संहिता, म्हणजे ज्याला सोर्स कोड म्हणतात तो मजकूर, शक्यतो जसाच्या तसा ठेवायचा आणि त्यासोबत काही छोट्या फायली जोडायच्या, अशी ही रचना आहे. एका फायलीत पॅकेजचे नाव, वर्णन आणि ते कोणत्या अन्य पॅकेजांवर अवलंबून आहे याची नोंद असते. दुसरीत ते बांधण्याची कृती. तिसरीत कॉपीराइट व परवाना. आणि चौथीत प्रत्येक फेरफाराची तारीखवार बखर. पॅकेज बसविणे आणि काढणे हे काम करणारी डीपीकेजी ही आज्ञावली १९९४ मध्ये आकारास आली. तिचे मुख्य भाग इयान जॅक्सन यांनी सी या भाषेत नव्याने लिहिले. आजही डेबियनचे सर्व व्यवहार याच पायावर चालतात.

१९९६ मध्ये ब्रूस पेरेन्स यांच्याकडे नेतृत्व आले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ४७४ पॅकेजांसह १.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. जुलै १९९७ मध्ये डेबियनने आपला सामाजिक करार संमत केला. समूहाने वापरकर्त्यांना व मुक्त आज्ञावलींच्या जगाला दिलेले ते लेखी वचन होते. आज्ञावली मुक्त कशास म्हणावे, याचे निकष त्याच करारात होते. १९९८ मध्ये मुक्त स्रोताची जी सर्वमान्य व्याख्या झाली ती याच निकषांवरून. येथून पुढे पॅकेज नीट चालते की नाही एवढ्यावर त्याचा प्रवेश ठरेनासा झाला. त्याचा परवाना वाचकाला वाचण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा देतो की नाही, हेही तपासले जाऊ लागले.

वाढ आणि दरवाजा बंद होण्याचा प्रसंग :

डिसेंबर १९९६ च्या आवृत्तीत ८४८ पॅकेजे आणि १२० देखभालकर्ते होते. जुलै १९९८ मध्ये पॅकेजांची संख्या दीड हजारांवर आणि देखभालकर्त्यांची ४०० वर गेली. म्हणजे अवघ्या दीड-पावणेदोन वर्षांत माणसे तिपटीहून अधिक झाली. एखाद्या गावाची लोकसंख्या इतक्या वेगाने वाढली तर ग्रामसभेचे काय होईल, याची कल्पना करता येते. डेबियनमध्ये सदस्यत्व मिळालेल्या व्यक्तीला संग्रहातील कोणतेही पॅकेज बदलून पाठविण्याचा तांत्रिक अधिकार प्राप्त होत असे. असा अधिकार अनोळखी माणसाच्या हाती देताना त्याची पारख करण्याची पुरेशी व्यवस्था मात्र नव्हती.

१९९९ मध्ये नव्या सदस्यांना प्रवेश देणे थांबविण्यात आले. एप्रिल २००० मध्ये दार पुन्हा उघडले ते नव्या पद्धतीसह. उमेदवाराची ओळख, प्रकल्पाची तत्त्वे व कार्यपद्धती यांविषयीचे त्याचे आकलन आणि त्याचे प्रत्यक्ष तांत्रिक काम अशा टप्प्यांतून त्याला जावे लागे. ओळखीसाठी एखाद्या विद्यमान सदस्याने उमेदवाराला समक्ष भेटून, ओळखपत्र पाहून, त्याच्या सांकेतिक किल्लीवर आपली डिजिटल स्वाक्षरी करावयाची असा प्रघात होता. आंतरजालावर जन्मलेल्या समूहाने विश्वासाची पहिली कडी मात्र दोन माणसांच्या प्रत्यक्ष भेटीत शोधावी, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढे २००७ मध्ये मतदानाने एक मधली पायरीही मान्य झाली. पूर्ण सदस्य नसलेल्या, परंतु पारखलेल्या व्यक्तीला फक्त नेमून दिलेली पॅकेजे थेट पाठविता येऊ लागली.

नवे पॅकेज आत येण्याचा मार्ग :

सदस्य नसलेल्या व्यक्तीलाही पॅकेज देता येते. किंबहुना बहुतेकांची सुरुवात अशीच होते. ती प्रथम आपला मनोदय दोषनोंदणीच्या यंत्रणेत जाहीर करते, जेणेकरून दोघे एकच काम करीत बसू नयेत. नंतर पॅकेज बांधून ती एखाद्या सदस्याला तपासण्याची विनंती करते. या सदस्याला स्पॉन्सर म्हणतात, परंतु त्याची भूमिका पैसे पुरविणाऱ्याची नसून जामीनदाराची असते. पॅकेजवर स्वाक्षरी त्याची होते आणि पुढे काही बिघडले तर बोटही प्रथम त्याच्याकडे दाखविले जाते. चांगला जामीनदार मिळणे हीच नवख्यांची खरी अडचण आहे. ज्यांना पारख आहे त्यांना सवड नसते, आणि ही स्थिती महाविद्यालयीन प्राध्यापकांस वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यापुढे संग्रहाच्या व्यवस्थापकांची रांग येते. या नावाचे पॅकेज पूर्वी संग्रहात नसेल, तर ते आपोआप आत जात नाही. तेथे माणूस ते उघडून पाहतो. त्यात पाहिले जाते ते मुख्यतः कॉपीराइटचे कागद. शेकडो फायलींपैकी एखादी फाईल दुसऱ्याच लेखकाची, दुसऱ्याच परवान्याखाली असेल आणि तिचा उल्लेख नसेल, तर पॅकेज परत पाठविले जाते. या रांगेत दिवस, आठवडे, कधी महिनेही जातात आणि तिच्याविषयीची कुरकुर जुनी आहे. मान्यता मिळाल्यावर पॅकेज प्रथम अस्थिर विभागात जाते. या विभागाचे नाव सिड. ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या मुलावरून ते घेतले आहे. काही दिवस गंभीर दोष आढळला नाही तर पॅकेज चाचणी विभागात सरकते आणि तेथून यथावकाश स्थिर आवृत्तीत. देखभालकर्त्याने काम सोडले तर त्या पॅकेजची नोंद ‘अनाथ’ अशी होते आणि ते दत्तक घेणाऱ्याची वाट पाहते.

परवान्याच्या या काटेकोरपणाचा मराठी लिपीशीही संबंध आला. १९९० च्या दशकातील बहुतेक मराठी फाँट विकत घ्यावयाचे, परवान्याने बांधलेले आणि आपापल्या स्वतंत्र सांकेतिक मांडणीचे होते. असे फाँट डेबियनच्या मुख्य संग्रहात येणे शक्यच नव्हते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून मिळालेले आणि रेड हॅटने मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केलेले लोहित फाँट हा अडथळा पार करू शकले, आणि देवनागरी लोहित पॅकेजच्या रूपाने डेबियनमध्ये आले. २००९ च्या स्थिर आवृत्तीत कार्यप्रणाली बसविण्याच्या पडद्यांवर मराठीचाही समावेश झाला. २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक परिषद कोचीला, प्रथमच भारतात, भरली.

जुन्या रहिवाशांकडून झालेली इजा :

येथवरचा वृत्तान्त दार क्रमाक्रमाने भक्कम होत गेल्याचा आहे. परंतु वर वर्णिलेली सर्वांत कडक तपासणी पॅकेजच्या पहिल्या प्रवेशावेळी होते. त्यानंतरच्या सुधारित आवृत्त्या देखभालकर्त्याच्या स्वाक्षरीवर थेट आत जातात. हजारो पॅकेजांच्या बाबतीत अन्यथा करणे व्यवहार्यही नाही. डेबियनच्या इतिहासातील दोन गाजलेल्या आपत्ती नेमक्या याच वाटेने आल्या.

पहिली ओपनएसएसएल या सांकेतिक लेखनाच्या पॅकेजची. २००६ मध्ये व्हॅलग्राइंड हे तपासणीचे साधन त्यातील दोन ओळींविषयी इशारा देत होते. डेबियनच्या देखभालकर्त्याने मूळ लेखकांच्या चर्चामंडळावर विचारणा केली, त्यास अनुकूल भासणारे उत्तर मिळाले आणि त्या ओळी काढल्या गेल्या. त्यांपैकी एक ओळ किल्ली तयार करताना लागणारी यादृच्छिकता पुरविणारी होती. ती गेल्यामुळे ज्या किल्ल्यांच्या शक्यता अगणित असावयास हव्या होत्या, त्यांची संख्या प्रत्येक प्रकारासाठी अवघी ३२,७६७ उरली. एवढ्या किल्ल्या कोणीही आधीच करून ठेवू शकतो. लुसियानो बेल्लो यांच्या हा प्रकार लक्षात आला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. तोवर सदोष पॅकेज सुमारे वीस महिने वापरात होते, एप्रिल २००७ च्या स्थिर आवृत्तीतही ते पोहोचले होते आणि उबुंटूही त्यात सापडली होती. या प्रकरणात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. दोष काढण्यासाठीच हात घातला गेला होता, आणि ज्याने तो घातला तो पूर्णतः पारखलेला सदस्य होता.

दुसरी आपत्ती हेतुपुरस्सर होती. एक्सझेड हे माहिती संक्षिप्त करणारे छोटे पॅकेज वर्षानुवर्षे संग्रहात होते आणि त्याचे मूळ काम बहुतांशी एकट्या स्वयंसेवकावर अवलंबून होते. २०२१ पासून ‘जिया तान’ या नावाने कोणी त्यात मदत करू लागले आणि हळूहळू सहदेखभालकर्ता झाले. या नावामागील व्यक्ती वा गट आजवर उघड झालेला नाही. फेब्रुवारी २०२४ च्या ५.६.० या आवृत्तीत आणि पाठोपाठच्या ५.६.१ मध्ये चोरदरवाजा बसविण्यात आला. डेबियनने ही ५.६.१ आवृत्ती त्वरेने घ्यावी, असा आग्रह अपरिचित नावाने धरला गेल्याचीही नोंद आहे. दूरस्थ संगणकात शिरण्यासाठी वापरली जाणारी एसएसएच सेवा स्वतः एक्सझेडवर अवलंबून नाही. डेबियन व अन्य काही वितरणांनी सोयीसाठी तिला केलेल्या जोडणीमुळे ती अप्रत्यक्षपणे तशी झाली होती. ही जोडणी नंतर बदलण्यात आली.

इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रकरणातील एक तपशील विशेष ओळखीचा वाटेल. चोरदरवाजा चालू करणारी कळीची फाईल सर्वांना दिसणाऱ्या मूळ संहितेच्या भांडारात नव्हतीच. ती फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. पॅकेज करणारे बहुधा गठ्ठाच उचलत. अस्सल कागद आणि त्याची नक्कल ताडून पाहिल्याशिवाय नकलेवर विसंबू नये, हा राजवाड्यांच्या पिढीने मराठी इतिहासलेखनास लावलेला दंडक येथे नेमका लागू पडतो. संहितेपासून पुन्हापुन्हा तंतोतंत तेच पॅकेज बांधता यावे, यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून प्रयत्न चालू होते. परंतु त्यातून गठ्ठा आणि तयार पॅकेज यांचा मेळ सिद्ध होतो. गठ्ठा आणि भांडार यांचा नाही.

शोध लागला तो व्यवस्थेबाहेर. पोस्टग्रेस या विदागाराचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या सिड विभागातील यंत्रावर एसएसएचने शिरताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. काही आठवड्यांपूर्वी व्हॅलग्राइंडने दिलेले विचित्र इशारेही त्यांना आठवले. २००६ मध्ये ज्या साधनाचे बोलणे नको तेवढे मनावर घेतले गेले, त्याच साधनाचे बोलणे येथे लक्षात राहिले म्हणून उपयोगी पडले. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी हे जाहीर केले. सदोष आवृत्ती तोवर अस्थिर व चाचणी विभागांत होती. स्थिर आवृत्तीपर्यंत ती पोहोचली नव्हती, आणि सिडमधील संथ मुक्कामाचे मोल येथे दिसून आले.

डेबियनने जुनी ५.४.५ ही आवृत्ती परत आणली. परंतु संग्रहाच्या नियमानुसार नव्या पॅकेजचा क्रमांक पूर्वीच्या क्रमांकापेक्षा लहान असू शकत नाही. मागे जाण्याची तरतूदच तेथे नाही. म्हणून जुना माल मोठ्या क्रमांकाखाली पाठवावा लागला, आणि संग्रहात त्याची नोंद अशी झाली : ‘५.६.१+रिअली५.४.५-१’.